कोपराला लावलेलं बोट

भाईंदर पश्चिम
९ मार्च

दादा,

बाबांचा नियम तू विसरला नसशील. घरात भांडण झालं की दोघांनी तोंड बंद ठेवायचं आणि आपलं म्हणणं कागदावर लिहून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. वाचणाऱ्याला मध्येच तोडता येत नाही, असं ते म्हणायचे. मी शाळेत जायच्या आधीच लिहायला शिकले ती बहुतेक तुझ्याशी नीट भांडता यावं म्हणून. दिवाळीपासून तू माझा फोन घेत नाहीस, नंबर ब्लॉक केलायस. म्हणून हे हाताने लिहून पानांचे फोटो आईच्या फोनवरून दोह्याला पाठवतेय. आईला वाचून दाखवलेलं नाही. दादाला पत्र लिहिलंय म्हटल्यावर तिने फोन दिला आणि आत निघून गेली.

तू परवा पाठवलेला व्हॉइस मेसेज तिने मला ऐकवला. तुझ्या रुचीला जूनपासून कर्जतच्या पुढच्या त्या निवासी संस्थेत ठेवायचं ठरवलंयस. मागच्या वर्षीच्या तपासणीत 'तीव्र मतिमंदत्व' आलंय, आईचे गुडघे गेलेत, उर्मिलावहिनी दिवसभर केबिन रोडला साडीच्या दुकानात उभी असते, आणि आईनंतर कोण बघणार. यातलं एकही खोटं नाही. तू निर्दय आहेस असं मी कधी म्हटलेलं नाही. दिवाळीत वहिनीच्या माहेरच्यांसमोर मी एवढंच म्हटलं होतं की रुची मतिमंद आहे असं मला वाटत नाही, ती स्वमग्न असावी, ऑटिझम. त्यांच्यासमोर नको होतं बोलायला. पण तू ज्यावर चिडलास ते वेगळंच होतं. एक शब्द तू कसाबसा गिळला होतास आणि मी दुसरा पुढे केला. "तू मास्तरीण शाळेत," म्हणालास. "माझ्या घरात नाही."

तरी सांगते, कारण अशाच मुलांना शिकवणं हे माझं काम आहे.

माझ्या वर्गात दिव्या म्हणून मुलगी आहे, रुचीहून थोडी मोठी. तिला सगळंच उशिरा येतं. बोलणं, बटणं लावणं, अंक, सगळं तिच्याहून पुष्कळ लहान मुलासारखं, पण सगळं एका पातळीवर. आणि ती माणसांत असते. माझा डबा लपवते आणि मी हसते का ते तोंडाकडे बघत उभी राहते. नव्या बांगड्या आणल्या की आयाबाईंपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना हात पुढे करून दाखवते. आता रुची. ती आईचे स्टीलचे डबे एकात एक घालते, झाकणासकट, चूक न करता. पण घालून झाल्यावर आपल्याकडे बघत नाही. पडली तर कुणाकडे येत नाही. तहान लागली की माझं मनगट धरून माठाकडे नेते, मी जणू पळी आहे. बोलते ते लिफ्टमधलं, "कृपया दरवाज़ा बंद करें", आणि तेही आपण खोलीतून जावं असं वाटतं तेव्हा. तिची एक बाजू पुढे आहे, दुसरी खूप मागे.

ती हुशार आहे असं मी म्हणत नाहीये. हे नीट वाच. दोन्ही एकत्रही असू शकतं, पुष्कळ मुलांत असतं. पण नक्की काय आहे ते न बघता आपण तिला कुठे पाठवतोय? त्या संस्थेत सगळं सगळ्यांनी मिळून करायचं असतं, बाई दाखवतील तसं. दिव्या तिथे रमेल. रुची तिथे बाकावर बसून राहील आणि तिला काही येत नाही असं कायमचं ठरून जाईल.

मीरा रोडला मिनल मॅडम आहेत, मुलांच्या तपासणीचं काम बरीच वर्षं करतात. जूनच्या आधी एकदा त्यांना दाखवू दे. वेगळं काही निघालं नाही तर मी गप्प बसेन. हे लिहून दिलंय, तेव्हा मोडता येणार नाही.

रसिका


१७ एप्रिल

दादा,

तू हो म्हणालास ते आईकडून कळलं. "एकदाच. आणि त्यात वेगळं निघालं तर राहू दे तिला घरी." हे मी आईकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं, तुझेच शब्द आहेत ना ते. मेच्या दुसऱ्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे.

आज लिहायचं कारण दुसरंच आहे. काल दुपारी आई बिरड्यासाठी वाल सोलत बसली होती, शेजारी रुची. रुची वाल छान सोलते हे तुलाही माहीत आहे, दाणा मोडत नाही. बेल वाजली, इस्त्रीवाला होता. आई उठून दाराशी गेली. रुचीच्या चिमटीत वाल तसाच. तिचा हात ताटलीच्या वर थांबला आणि थांबूनच राहिला. आई इस्त्रीवाल्याशी हुज्जत घालत होती, "ये मेरा नहीं है भैया, तिसरे माले का है," आणि इकडे रुची पुतळ्यासारखी. आई परत आली, बसली, आणि रुची सोलायला लागली.

मला वाटलं, आजी गेली म्हणून थांबली. मग मी खाली बसून बघितलं. आईचं डाव्या हाताचं बोट रुचीच्या कोपराला लागलेलं होतं. ढकलत नव्हतं. नुसतं टेकलेलं.

मी आईला म्हटलं, हात काढ. ती म्हणाली, "कुठला हात?" तिला खरंच माहीत नव्हतं.

तेव्हापासून मी तेच बघतेय. दात घासताना कोपराला बोट. फ्रॉक घालताना खांद्याला. जेवताना आई शेजारी बसते, स्वतः जेवते आणि दुसरा हात रुचीच्या कोपराखाली. आपण सगळ्यांना सांगतो की ती स्वतःच्या हाताने जेवते. जेवतेच. पण आई उठली की घास ताटात.

आठवतं ना, बाबांनी आपल्याला पाटीवर अक्षरं कशी शिकवली? मागे बसून, आपला हात त्यांच्या हातात घेऊन. आईलाही शिकवायची तीच एक रीत माहीत. आपण दोघं वर बघायचो, त्यांच्या तोंडाकडे, आणि एक दिवस हात सोडवून घ्यायचो. रुची वर बघत नाही. म्हणून आईने तिचा हात धरला, आणि तिने सोडवून घेतला नाही, म्हणून आईनेही सोडला नाही. आईचा हात सैल होत होत बोटावर आला, एवढंच. त्या बोटाचा अर्थ रुचीच्या लेखी 'कर' असा आहे. दुसरा कुठला 'कर' तिला माहीतच नाही. शाळेतही तिच्या वर्गात मदतीला शालूमावशी असतात. माया करतात, पण त्याही हात धरूनच सगळं करून घेतात.

आणि मागच्या वर्षीच्या तपासणीत घरच्यांना बाहेर बसवलं होतं. आत ती एकटी, समोर लाकडी ठोकळे, आणि कोपराला कुणाचंच बोट नाही. तिने एकही ठोकळा उचलला नाही, म्हणून तो शेरा.

हे मिनल मॅडमना आधी कळवावं की नाही, यावर मी कालपासून विचार करतेय. शेवटी फोन केला. त्या म्हणाल्या, बघू, घरचं एक माणूस आत बसू दे, पण हात लावायचा नाही. मी आईला आणि वहिनीला दोघींना तसं सांगितलं आहे. तू पण सांग, आई तुझं ऐकते.

रसिका


१५ मे

दादा,

वहिनीने तुला फोनवर काय सांगितलं ते भिंतीपलीकडून ऐकू आलं. तिने सांगितलं ते खरं आहे. मीही माझ्या बाजूने लिहिते, कमीजास्त न करता.

आत आई रुचीच्या शेजारी बसली, कारण वहिनी म्हणाली रुची आजीशिवाय रडेल. वहिनी आणि मी दाराजवळ उभ्या. मॅडम समोर. टेबलावर लाकडी फळी, तिच्यात वेगवेगळ्या आकारांचे खळगे, आणि बाजूला ते आकार. मॅडमनी एकदा करून दाखवलं. रुचीने बघितलं असं मला वाटलं नाही. रुची बसून राहिली. वहिनीने माझा दंड इतका घट्ट धरला की अजून दुखतोय.

मग रुचीचा हात उठला. गोल बसला, चौकोन बसला, चांदणी बसली. भरभर, एकही न अडखळता, पूर्ण फळी. मॅडमनी आकार पुन्हा मिसळले, तिने पुन्हा बसवले, पहिल्याहून लवकर. वहिनी तोंडावर ओढणी घेऊन रडायला लागली. मीही रडले असते. पण मी खाली बघितलं. टेबलाच्या पलीकडून मॅडमना दिसत नव्हतं. मला दिसत होतं. आईचं बोट.

तिने मुद्दाम केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

गप्प बसता आलं असतं. सगळं तिथेच संपलं असतं आणि जूनचं नाव कुणी काढलं नसतं. पण मी म्हटलं, "मॅडम, आईचा हात लागलाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी सांगत राहिले की आई तिला दिशा देत नाही, आईने चष्मासुद्धा लावलेला नाही, चांदणी कुठे जाते हे आईलाच दिसत नसेल, बोट फक्त सुरुवात करून देतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "असेलही. पण मला ते कसं कळणार?" मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

आईला मागच्या खुर्चीवर बसवून पुन्हा घेतलं. रुची हात मांडीत घेऊन बसली. थोड्या वेळाने मॅडमना म्हणाली, "कृपया दरवाज़ा बंद करें." बाकी काही नाही.

मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते. "स्वमग्नता आहे, याबद्दल मला शंका नाही. बुद्धी किती, ते मी आज सांगू शकत नाही. ही मतिमंद नाही असं मी लिहून देणार नाही, आणि आहे असंही देणार नाही. हात सुटू दे. मग आणा."

परतताना रिक्षा पुलावर आली. वहिनी बाहेर बघत म्हणाली, "तुझं खरं तुझ्याजवळ ठेवायचं होतंस गं. तुझं काय जात होतं? पोरगी माझी जाणार." आई मध्ये बसली होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते, जसं काही ते कुणी काढून नेईल.

संध्याकाळी तुझा आवाज आला. "म्हणजे काही बदललं नाही ना?"

बदललं आहे, दादा. मागच्या वर्षी आपल्याला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं. आता माहीत नाही हे माहीत आहे. तुला हे शब्दांचे खेळ वाटतील. पण त्या शेऱ्यावर तू मुलीला पाठवत होतास, आणि तो शेरा आता टिकत नाही.

तू म्हणालास, वेगळं निघालं तर. वेगळं निघालंय. तुला हवं तसं नाही, मला हवं तसंही नाही.

रसिका


२४ जून

दादा,

हे पत्र स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहितेय. समोर रुची आहे. तिच्यापुढे वरणभात आहे. घरात दुसरं कुणी नाही.

आधी संस्थेचं सांगते, कारण वहिनीने तुला अर्धंच सांगितलं असणार. आम्ही तिघी रुचीला घेऊन गेलो. जागा स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत, मी दोष काढायला गेले होते आणि फारसा सापडला नाही. दुपारी त्यांनी सगळ्या मुलांबरोबर तिला जेवायला बसवलं आणि आम्हाला खिडकीबाहेर उभं केलं. सगळ्यांची ताटं उचलून झाली तरी तिने घास घेतला नाही. तिथल्या ताई म्हणाल्या, ऑटिझमचं आम्हाला चालेल, आहेत आमच्याकडे तशी, पण जेवण स्वतःचं स्वतः हवं. इथे भरवायला माणसं नाहीत. गणपतीपर्यंत जागा राखून ठेवतो, शिकवून आणा.

आणि तू आईला सांगितलंस, "रसिकाला म्हण, एवढी शिकलीयस ना, मग शिकव."

म्हणजे बघ कसं झालंय. मॅडम म्हणतात हात सुटू दे, मग तिच्यात काय आहे ते कळेल. संस्था म्हणते हात सुटू दे, मग पाठवा. ती एक घास आपणहून खाईल तेव्हा तिला घरी ठेवायचं माझं कारण पहिल्यांदा खरं ठरेल, आणि त्याच घासाने तिला पाठवता येईल. तू हे मुद्दाम केलं नाहीस, मला माहीत आहे. पण झालंय असं.

शिकवायचं नाही, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. गणपतीपर्यंत आईचं बोट राहू दिलं तर जागा जाईल आणि ती घरी राहील. वहिनी मला हेच म्हणाली, भांडून नाही, हळू आवाजात, भांडी घासता घासता. "नको शिकवूस. मी तुझ्या दादाला सांगेन जमत नाही म्हणून." मी रात्रभर जागी होते. आईचं बोट किती वर्षं राहणार, एवढाच प्रश्न होता. आणि ते गेल्यावर रुची ताटासमोर कुणाची वाट बघत बसेल? तेव्हा ती लहानही नसेल.

म्हणून दुपारचं एक जेवण मी माझ्याकडे घेतलंय. सकाळचं दूध आणि रात्रीचं जेवण आईच्या हाताने, नेहमीसारखं, ती उपाशी राहत नाही. शाळेतून मी रजा घेतली आहे. दुपारच्या वेळेला आई खाली देवळात जाऊन बसते, कारण घरात असली तर तिला राहवत नाही. पहिल्या दिवशी जाताना ती दारात थांबली आणि मला विचारलं, "माझ्या बोटात काय वाईट होतं गं?" काहीच वाईट नव्हतं.

कसं असतं ते सांगते. मी ताट ठेवते, समोर बसते. काही बोलत नाही, खूण करत नाही. रुची कोपर जरासं बाहेर काढते, आई बसते त्या बाजूला, आणि थांबते. भात गार होतो, वर वरणाची साय धरते. ती रडत नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. शेवटी मी ताट उचलते, आई येते, वहिनीचा फोन येतो, जेवली का. आई नाही म्हणते. पलीकडून दुकानातला आवाज तेवढा ऐकू येतो, "भाभी, ये पीस दिखाओ ना."

काल वहिनी दुपारीच घरी आली. शेजारच्या जागृतीबेनने तिला सांगितलं होतं की छोकरी को भूखा रखते हैं. ती चपला न काढता आत आली आणि रुचीच्या शेजारी बसून तिला भरवलं, घाईघाईने, माझ्याकडे पाठ करून. भरवून झाल्यावर म्हणाली, "तुला मूल झालं की कळेल." ती तिची आई आहे. मी फक्त बरोबर आहे, आणि तेही नक्की नाही.

तू येऊन एकदा इथे बस, माझ्या जागी. तिला हाक मारू नकोस, खाऊ आणू नकोस. बस आणि बघ. मग जे ठरवशील ते ठरव. या चारही पत्रांत मला एवढंच मागायचं होतं, बाकी सगळं मी ते मागायला घाबरते म्हणून लिहिलं.

आज पत्र लांबलंय, कारण लिहीत राहिले की माझा हात कागदावर राहतो. नाहीतर तो टेबलावरून पलीकडे जायला बघतो. एक बोट टेकवलं की झालं. कुणाला कळणारही नाही.

थांबते जरा.

दादा, तिने कोपर आत घेतलं. आधी वाटलं, कंटाळली. मग बोटं भातात गेली. बराच वेळ तिथेच होती. मग घास तोंडात गेला. अर्धा खाली सांडला. ती चावतेय. माझ्याकडे बघत नाहीये.

मी हात लावलेला नाही. माझे दोन्ही हात इथे आहेत, एकात पेन आणि एकाने कागद धरलाय. टेबलाखालीही कुणी नाही. आई देवळात आहे.

हे मी लिहिलं नसतं तर तुला कळलं नसतं. वहिनीने विचारलं असतं तर नाही जेवली म्हणता आलं असतं, गणपतीपर्यंत रोज.

ती दुसऱ्या घासाकडे बघतेय. आईचा फोन घरीच आहे, मी आत्ताच पानांचे फोटो काढते आणि आई यायच्या आत पाठवते. नंतर माझ्याच्याने होणार नाही.

रसिका